एक संगणक, दोन चुली

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी गावातल्या चार पोरांनी आमच्या दारात मोटरसायकली लावल्या. म्हणाले, "दादा, यंदा उत्सवाक तुमच्या बाबाचें नाटक करपाचें थारयलां. पीडीएफ धाडात मरे." मी "धाडतां" म्हटलं, त्यांना चहा पाजला, बाबांच्या दोन आठवणी सांगितल्या. पोरं गेली आणि मग माझ्या पोटात गोळा आला.

कारण ते नाटक आज पृथ्वीच्या पाठीवर एकाच ठिकाणी आहे. आमच्या मुळगावच्या घरात, पडवीच्या खोलीतल्या जुन्या संगणकात. त्या संगणकात दोन प्रणाली आहेत, विंडोज एक्सपी आणि विंडोज ७, आणि नाटक त्यांतल्या एकीलाच वाचता येतं. ती एक म्हणजे एक्सपी, जिचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजीच काढून घेतला. संगणक मी सात-आठ महिन्यांत चालू केला नव्हता.

वहीत नाही का, असं कुणी विचारेल. गावच्या नाटकाची वही टिकत नाही, मंडळी. बाबा शाळेच्या दोनशेपानी वहीत लिहायचे. मग एकेका नटाची नक्कल उतरवून घ्यायची. कंटाळा आला की सरळ पानं फाडून, "हें तुजें" म्हणून हातात द्यायची. प्रयोग झाला की नकला कुणाच्या खिशात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या चुलीत. २००८ मध्ये मी एक प्रत छापून काढली होती, तिच्यावर वाळवीने आपला प्रयोग केला. उरली ती फाईल.

आता या दोन प्रणालींची गोष्ट सांगतो. ज्यांना हे सगळं पाठ आहे त्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

संगणक आणला २००७च्या चतुर्थीला, म्हापशाहून, सुटे भाग जोडून. विंडोज व्हिस्टा त्याच वर्षी जानेवारीत बाजारात आली होती. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, "ती घेऊ नका, एक्सपीच टाकून देतो." मी कला शाखेचा, सरकारी कारकून. मला दोन्हींत काय फरक? मला फक्त बाबांची नाटकं टाईप करायची होती. त्याच सुमारास डिचोलीतल्या एका डीटीपीवाल्याने धंदा आवरता घेतला. त्याच्याकडून मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर घेतलं, कुलपासकट. कुलूप म्हणजे संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या खोबणीत खोचायचा एक ठोकळा. तो लावलेला नसेल तर सॉफ्टवेअर ढिम्म हलत नाही. (त्या सॉफ्टवेअरचं नाव इथे घेत नाही. त्या काळी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी बरीच होती, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.) पुढची चार-पाच वर्षं रोज कचेरीतून आल्यावर मी टाईप करायचो आणि बाबा शेजारी खुर्चीवर बसून सांगायचे. सांगता सांगता संवाद बदलायचे, त्यामुळे वहीतलं नाटक आणि संगणकातलं नाटक एक राहिलंच नाही. संगणकातलं जास्त चांगलं आहे, असं माझं मत. बाबा २०१३ साली गेले.

विंडोज ७ आली ऑक्टोबर २००९ मध्ये. पुढच्या वर्षी कचेरीतल्या मित्राने टाकली आणि मलाही हुक्की आली. मेमरी वाढवून ४ जीबी केली. ३२ बिटांच्या प्रणालीला तेवढी सगळी दिसत नाही म्हणून ६४ बिटांची घ्यावी असं मित्र म्हणाला. पण ६४ बिटांच्या विंडोजमध्ये जुने १६ बिटांचे प्रोग्राम मुळीच चालत नाहीत, आणि जुन्या कुलपांचे ड्रायव्हरही चालत नाहीत. म्हणजे ७ घेतली तर बाबांची नाटकं बंद आणि नाटकं ठेवली तर ७ नाही. तेव्हा मित्राने तोडगा काढला, दोन्ही ठेव.

यालाच ड्युअल बूट म्हणतात. मी घरी समजावून सांगताना म्हटलं, "एका घरात दोन चुली." आई लगेच म्हणाली, "वांटो घालो म्हण." तिचं खरंच होतं. हार्ड डिस्कची वाटणी करायची, एका वाट्यात एक्सपी, दुसऱ्यात ७, आणि तिसरा वाटा सामायिक, अंगण-विहिरीसारखा, कागदपत्रं ठेवायला. संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात: 'विंडोजची आधीची आवृत्ती' आणि 'विंडोज ७'. तीस सेकंदांत ठरवायचं कुठली चूल पेटवायची ते. एका वेळी एकच पेटते. दुसरीकडे जायचं तर पहिली विझवून, संगणक बंद करून पुन्हा सुरुवात.

यात वेगळीच गंमत आहे, ती मला आजही हसवते. विंडोज ७ मध्ये शिरलं की ती स्वतःच्या वाट्याला 'सी' म्हणते आणि एक्सपीच्या वाट्याला 'डी'. एक्सपीत शिरलं की ती म्हणते सी मीच. दोन भावांनी घर वाटून घ्यावं आणि दोघांनीही आपल्या भागाला थोरलं घर म्हणावं, तसलाच प्रकार. भांडणंही तशीच. एक्सपी चालू झाली की ७ ने ठेवलेले रिस्टोअर पॉइंट पुसून टाकायची. मुद्दाम नव्हे, ती जुनी, तिला त्यांची भाषाच कळत नाही.

शिवाय पाळायचा एक नियम आहे: धाकटी नेहमी नंतर टाकावी. नवी प्रणाली जुनीला ओळखते आणि तिचं नाव यादीत घालते. जुनीला नवीची ओळख नसते. २०१२ साली एक्सपी बिघडली म्हणून मी ती हौसेने पुन्हा टाकली आणि दुसऱ्या क्षणी विंडोज ७ नाहीशी झाली! फाईली सगळ्या जागेवर होत्या, फक्त यादीतलं नाव गेलं होतं. चूक माझीच. एक्सपीने आपली जुनी किल्ली दाराला लावली आणि त्या किल्लीला धाकटीचं दार उघडत नव्हतं. मग ७ ची सीडी घालून दुरुस्ती केली, तर ७ आली आणि एक्सपीचं नाव गेलं. शेवटी काळ्या पडद्यावर 'बीसीडीएडिट'च्या आज्ञा एका कागदावरून अक्षर अक्षर बघत टाईप केल्या आणि मग दोघी नांदू लागल्या. कचेरीत एवढं काम केलं असतं तर बढती मिळाली असती. असो.

खरं तर आम्हां गोवेकरांना हे नवीन नाही. घरात कोंकणी आणि लिहायला मराठी, हा बदल आम्ही दिवसातून पन्नास वेळा करतो आणि त्यासाठी कुणाला बंद होऊन पुन्हा सुरू व्हावं लागत नाही. बाबांच्या नाटकातले राजे-सरदार मराठी बोलायचे आणि नोकर कोंकणी. टाळ्या नोकरालाच पडायच्या. पण मला इथे सांगायचं आहे ते भाषेचं नाही, कागदाचं आहे, कारण माझी हयात कागदात गेली.

जमिनीच्या कामासाठी कुणी कचेरीत आला की तो एक-चौदाचा उतारा आणतो. ही नवी सर्व्हे मुक्तीनंतरची, १९६८च्या जमीन महसूल संहितेच्या आधाराने झालेली. पण भांडण जरा खोल गेलं की पोर्तुगीज काळातली मात्रीज निघते. नवी सर्व्हे झाली म्हणून मात्रीज कुणी जाळली नाही. दोन्ही शेजारी शेजारी आहेत, कधी एकमेकींशी जुळतात, कधी नाही. अडचण आहे ती वाचणाऱ्याची. पोर्तुगीज वाचून अर्थ सांगणारी माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत. कागद ठणठणीत आहे, शिक्का स्पष्ट आहे, शाई काळीभोर आहे, आणि समोर बसलेल्या दहांपैकी नऊ जणांना त्यातलं एक अक्षर लागत नाही. पणजीच्या पुराभिलेखागारातल्या मोडी कागदांचीही तीच कथा. तो संग्रह १५९५ साली सुरू झाला. त्यातले कागद टिकले ते राखणाऱ्यांमुळे, आणि वाचले जातात ते मोडी शिकणाऱ्या थोड्या लोकांमुळे. दोन्ही कामं वेगळी आहेत.

संगणकात आपण पहिलं काम करतो आणि दुसरं झालं असं समजतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१४ साली एक्सपीचा आधार संपला तेव्हा मी ज्या कार्यालयात होतो (नाव नको) तिथले सगळे संगणक एका आठवड्यात फॉरमॅट झाले. बॅकअप घेतला होता, बरं का! सगळं नियमाप्रमाणे. दहा-अकरा वर्षांची मराठी पत्रं, परिपत्रकं, सूचना, सगळं सीडीवर चढवलं, सीड्या लिफाफ्यात घातल्या, लिफाफ्यावर 'जुने' असं मीच माझ्या हाताने लिहिलं. दोन वर्षांनी एका जुन्या पत्राचा संदर्भ लागला. सीडी चालली. फाईल उघडली. आत काय? ए वर दोन टिंबं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मग चार प्रश्नचिन्हं. साहेब म्हणाले, "व्हायरस दिसतो." व्हायरस कसला, ते आमचंच मराठी होतं! सॉफ्टवेअर फॉरमॅटबरोबर गेलं होतं आणि अक्षरांचा फॉन्ट बॅकअपमध्ये घ्यायचा असतो हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर घरी दोन चुली मांडून बसलेला.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. जुन्या फॉन्टांच्या पद्धतीत अक्षरांना फार तर २५६ घरं. ती मुळात इंग्रजी आणि युरोपी अक्षरांची. आपल्या लोकांनी त्या घरांत भाडेकरू म्हणून देवनागरीचे तुकडे बसवले, एका घरात काना, दुसऱ्यात अर्धा श, तिसऱ्यात रफार. हेही बुद्धीचंच काम होतं. त्याच्या जिवावर वीसेक वर्षं मराठी छपाई चालली. आपली वर्तमानपत्रं, देवस्थानांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, सगळं. पण कुठल्या घरात कोण, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. एकाचा काना तो दुसऱ्याचा उकार. फाईलमध्ये साठतो तो फक्त घराचा नंबर. फॉन्ट गेला की घरं उरतात, त्यांत कोण राहत होतं ते सांगायला कुणी नाही. युनिकोडने हा घोळ मिटवला. त्यात देवनागरीला स्वतःची घरं मिळाली, 'क' म्हणजे ०९१५, मग फॉन्ट कुठलाही असो. युनिकोडचा पहिला खंड १९९१चा. विंडोजमध्ये मंगल फॉन्टासकट देवनागरी आली ती विंडोज २००० पासून. एक्सपीतही होती, पण ती चालू करायला सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि एक्सपीची मूळ सीडी घालायची. मूळ सीडी किती जणांकडे होती ते आपण सगळे जाणतो. त्यामुळे मराठी माणूस आणखी पाच-सात वर्षं जुन्या घरांतच राहिला. त्या काळी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं उघडली की आधी 'फॉन्ट उतरवून घ्या' अशी पाटी यायची, आठवतंय?

म्हणजे साधारण १९९० ते २०१० या काळात जे मराठी टाईप झालं, त्यातलं बरंचसं आज असं कुलूपबंद आहे. पुस्तक छापलं गेलं त्याची चिंता नाही. चिंता आहे ती जे छापलं गेलं नाही किंवा शंभर प्रतींत छापून संपलं त्याची. गावचं नाटक, भजनी मंडळाचा जमवलेला संग्रह, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं टाचण, कुणा आजीने सांगितलेल्या धालोंच्या ओव्या. पोर्तुगीज कागदाला चारशे वर्षं झाली तरी तो निदान समोर धरता येतो. आमच्या कचेरीतल्या पत्रांचा अकरा वर्षांत निकाल लागला.

आता पोरांच्या नाटकाकडे येतो.

पोरं गेली त्या रात्री पडवीच्या खोलीत जाऊन संगणकावरची चादर काढली. कॅबिनेट उघडलं तर आत लाल धूळ. आमच्या गावाला ती कुठून येते हे सांगायला नको. २०१२ साली खाणी बंद पडल्या तरी आमच्या घरातल्या वस्तूंमधून ती वर्षानुवर्षं निघत राहिली. ब्रशने झाडलं, पंखा फिरवून पाहिला, देवी केळबाईचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. बीप नाही. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने पुसून पुन्हा बसवली. या युक्तीला कुठल्याही पुस्तकात जागा नाही, पण अर्धा गोवा तिच्यावर चालतो. दुसऱ्या खेपेला काळ्या पडद्यावर त्या दोन ओळी आल्या. आतली बॅटरी मेली होती, त्यामुळे तारीख भलतीच दाखवत होता. मी बाण वर नेला आणि 'आधीची आवृत्ती'वर एंटर मारलं.

एक्सपी उघडली. कुलूप लागलेलं होतं. नाटक उघडलं. पहिल्याच पानावर बाबांची रंगसूचना. तीत त्यांनी दिवा कुठे ठेवायचा एवढं सांगायला नऊ ओळी घेतल्या आहेत. तेव्हा टाईप करताना मी वैतागलो होतो. या खेपेला त्या नऊ ओळी दोनदा वाचल्या.

माझा मुलगा बारावीला आहे. तो दारात उभा राहून म्हणाला, "हें पोरणें कित्याक दवरलां? व्हर्च्युअल मशीन घाल ना, नव्या लॅपटॉपार." म्हणजे नव्या प्रणालीच्या पोटात जुनी चालवायची, चुलीत चूल. दोन प्रणाली ठेवायचा तो आज जास्त सोपा मार्ग आहे हे मला मान्य. ज्यांना फक्त जुना एखादा प्रोग्राम उघडायचा आहे त्यांनी तोच धरावा. पुन्हा पुन्हा बंद-चालू करावं लागत नाही आणि वाटणीचीही भानगड नाही. पण माझं कुलूप प्रिंटरच्या त्या जुन्या खोबणीत बसतं आणि नव्या लॅपटॉपला ती खोबणच नाही. एक्सपी नव्या यंत्रावर सरळ टाकावी म्हटलं तर तेही होत नाही. आजची यंत्रं ज्या पद्धतीने सुरू होतात ती पद्धत एक्सपीला ठाऊक नाही, आणि तिच्यासाठी ड्रायव्हर कुणी करत नाही. जुनी चूल फक्त जुन्या घरातच मांडता येते.

मुलाचा दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो सोळा आणे खरा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. तेव्हा तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला खास दुरुस्ती काढावी लागली होती. म्हणून माझ्या या संगणकाला इंटरनेटची तार नाही. जुनी प्रणाली ठेवणाऱ्याने ती तार पहिली काढावी. ज्या बँकेत पैसे तिचं काम नव्यावर, बापाच्या नाटकाचं काम जुन्यावर, यात गल्लत नको. उगाच शौक म्हणून जुनी विंडोज चालवून तिच्यावर मेल बघणारे एक-दोघे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना सांगून दमलो.

पण आता मला माझ्यावरच एक आरोप ठेवायचा आहे. २०१० साली मी दोन चुली मांडल्या. आज त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. या पंधरा वर्षांत बाबांच्या पाच नाटकांतलं एकही मी युनिकोडमध्ये आणलं नाही. का? तर एक्सपी होतीच ना! कधीही उघडता येईल, घाई काय? दोन्ही ठेवल्यामुळे काही गमावलं नाही अशी माझी समजूत झाली आणि त्या समजुतीवर मी निवांत झोपलो. ज्या मित्राने नुसतीच ७ घेतली, एक्सपी ठेवली नाही, त्याने त्याच वर्षी आपले सगळे मराठी कागद बदलून घेतले. त्याला दुसरा मार्गच नव्हता. ड्युअल बूटची शिफारस करणारे हे सांगत नाहीत. दुसरी चूल ठेवावी, जरूर ठेवावी, पण भांडी या चुलीवरून त्या चुलीवर नेईपर्यंत. मी ती ठेवली आणि भांड्यांना हात लावला नाही. मेमरीच्या पट्टीऐवजी त्या रात्री हार्ड डिस्क गेली असती तर मी पोरांना काय तोंड दाखवलं असतं?

आता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चाही आधार संपला. हौशी ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत आहे, पण लोक ११ कडे निघाले आहेत. ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, २०१७च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत, म्हणून यंत्रंही बदलली जात आहेत. २०१४ साली झालं तेच आता पुन्हा होणार. कचेऱ्यांत, देवस्थानांच्या समित्यांत, ग्रंथालयांत, शाळांत संगणकवाला येईल, "बॅकअप घेतलाय" म्हणेल आणि फॉरमॅट करेल. माझं सरळ म्हणणं आहे की मराठी मजकूर असलेला कुठलाही जुना संगणक, त्यातल्या दहा फाईली नव्या यंत्रावर उघडून डोळ्यांनी वाचून पाहिल्याशिवाय फॉरमॅट करू देऊ नये. उघडून नव्हे, वाचून. अक्षर लागलं नाही तर डिस्क काढून ठेवा, फॉन्ट आणि सॉफ्टवेअरसकट. डिस्कला ठेवायला चहाच्या बशीएवढी जागा लागते. आणि डिचोली-म्हापशाला ज्यांनी आपल्या स्मरणिका केल्या ते डीटीपीवाले अजून आहेत तोवर त्यांना जाऊन विचारा. त्यांच्या माळ्यावर काय काय पडलं आहे ते त्यांनाही आठवत नसेल.

बदलून घेण्याचं काम अवघड नाही, कंटाळवाणं आहे. मी एक्सपीतून मजकूर साधा करून पेनड्राइव्हवर घेतला आणि लॅपटॉपवर फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रामातून काढला. नव्वद टक्के चांगला आला. उरलेल्या दहा टक्क्यांनी चार रात्री खाल्ल्या. ऱ्हस्व वेलांटी ही मोठी नाठाळ. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. जोडाक्षर आलं की प्रोग्राम गोंधळतो, 'व्यक्ती'ची वेलांटी ऱ्हस्व असली की ती मधल्या 'क'ला जाऊन चिकटते आणि 'त' वेगळा लटकतो. त्याहून वाईट रफार. तो कधी पुढच्या अक्षरावर जातो, कधी मुळीच गळतो. राजा प्रधानाला विचारतो, "याचा अथ काय?" नायिका नायकाला म्हणते, "तुझा माग वेगळा." बायको मोठ्याने वाचायची आणि मी पडद्यावर सुधारायचो. नोकराचे कोंकणी संवाद आले की ती थांबून हसायची, मग आत्ते आठवण काढायची, मग दहा मिनिटं काम बंद.

नाटक तयार झालं. पीडीएफ धाडली. दुसऱ्या दिवशी पोराचा निरोप, "पीडीएफ नाका दादा, मोबाइलार अक्षरां व्हड करूंक येनात. तशेंच टेक्स्ट धाडात." मग तेही धाडलं. छापून दोन प्रती काढल्या, एक घरी, एक गावच्या मंडळाकडे. वाळवी दोन्हीकडे एकदम लागणार नाही अशी आशा.

परवा तालमीला जाऊन बसलो. सगळ्यांच्या हातात मोबाइल, नक्कल फाडायचा प्रश्नच नाही. नायिकेचं काम करणारी मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुझा माग वेगळा." एक रफार आमच्या हातून सुटला होता. कुणी हसलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरी येऊन फाईल दुरुस्त केली.

पाचांपैकी तीन नाटकं आता झाली. उरलेली दोन पेजमेकरमध्ये आहेत, पुस्तक काढायचं म्हणून तेव्हा तिथे मांडली होती, ते पुस्तक काही निघालं नाही. त्या प्रोग्रामची शेवटची आवृत्ती २००१ सालची, म्हणजे पुन्हा एक्सपी. संगणकाचा पंखा हल्ली घरघर करतो. येत्या रविवारी वीज असली तर बसणार आहे.